सुभेदारांचं स्कॉटलंड

सुभेदार सकाळची न्याहारी उभ्यानं करायचे. ज्वारीच्या कण्या, त्यांत दूध नाही, गूळ नाही, नुसतं मीठ. पितळी डाव्या हातावर तोलून ते अंगणात छाती काढून उभे राहायचे आणि चमच्यानं खायचे. मी त्यांच्या घरी खोली घेऊन राहायला आलो, त्या पहिल्या सकाळी मला वाटलं, म्हाताऱ्याचा गुडघा वाकत नसेल. दुसऱ्या सकाळी मी विचारलंच.

"स्कॉटलंडात उभ्यानं खात्यात," ते म्हणाले.

"आणि दूध?"

"दूध पोरं पित्यात. तू पितोस का?"

मी पीत होतो. पण नाही म्हणालो.

खरं तर ते सुभेदार नव्हतेच. पहिल्या महायुद्धात शिपाई म्हणून गेले आणि हवालदार होऊन पेन्शनीत आले. गल्लीनं त्यांना सुभेदार केलं आणि त्यांनी ती बढती मुकाट्यानं घेतली. समोर बाबालाल कल्हईवाल्याचं दुकान होतं. तो म्हणायचा, "सरकारनं दिली न्हाई ती बढती आमी दिली. आता सलाम तेवढा कडक घ्या." आणि सुभेदार रोज सकाळी कल्हईच्या धुरातून आलेला बाबालालचा सलाम खरोखरच टाचा जुळवून घ्यायचे.

मी कडेगावकडचा. आमच्या भावकीत बी.ए. झालेला पहिला. हे मी फार वेळा सांगतो असं आमच्या घरात म्हणतात. म्हणोत. ज्याचा बाप सहीच्या जागी अंगठा उठवत होता त्यानं सांगितलं तर बिघडलं कुठं? सुभेदार मला पहिल्या दिवसापासून 'ग्रॅज्वेट' म्हणत. मी म्हणालो, "अजून व्हायचाय, सुभेदार. परीक्षा राहिल्यात." तर म्हणाले, "भरती झाला त्यो जवान. लढाई जिंकल्यावर मग जवान म्हनायचं, आसं न्हाई पलटनीत." एवढा मान मला तोवर कॉलेजात कुणी दिला नव्हता. तिथं माझ्या बोलण्यातला 'हाय' ऐकून पोरं हसायची.

आता सांगलीच्या माणसाचा स्कॉटलंडशी संबंध काय, तर तो असा. बसऱ्याच्या बाजूला एकच तोफगोळा फुटला आणि त्यात गोऱ्या साहेबाचा पाय गेला, सुभेदारांच्या पाठीत लोखंडाचा तुकडा गेला. सुभेदार साहेबाचे ऑर्डर्ली. साहेबाला घरी पाठवलं तेव्हा त्यानं हट्टानं ह्यांनाही बरोबर नेलं. साहेबाचं घर स्कॉटलंडच्या खेड्यात होतं. तिथं हे वर्षभर राहिले, साहेबाला कुबड्यांवर चालायला शिकवलं आणि परत आले. पाठीतला तुकडा तसाच राहिला. थंड वारा लागला की तो आतून बोलतो, असं म्हणत. काकी, म्हणजे त्यांची बायको, रोज संध्याकाळी चुलीत वीट तापवायच्या, फडक्यात गुंडाळायच्या आणि न बोलता त्यांच्या पाठीशी आणून ठेवायच्या. चैत्र-वैशाखातसुद्धा.

स्कॉटलंडचा विषय निघाला नाही असा दिवस गेला नाही. पाऊस आला की "ह्यो कसला पाऊस? ह्यो पडतो. तिकडचा पडत न्हाई, लटकतो." मेंढरं दिसली की "ह्यास्नी मेंढरं म्हनत्यात व्हय? तिकडची मेंढरं मानसाकडं बघून मान हालवत्यात." बाबालाल विचारायचा, "सुभेदार, तिकडं कल्हई करत्यात का?" सुभेदार विचार करून म्हणायचे, "न्हाई. तेवढं एक तुझं चांगलं हाय."

या गोष्टी त्यांनी मला शंभरदा सांगितल्या असतील. एक गोष्ट मात्र एकदाच सांगितली, कट्ट्यावर बसून, माझ्याकडं न बघता.

मेमसाहेबाचा वाढदिवस होता. साहेब तेव्हा लंडनला डॉक्टरकडं आला होता आणि मेम त्याच्याबरोबर होती. वाढदिवस घरी, डोंगरात करायचा म्हणून तिघं रात्रीच्या गाडीनं उत्तरेकडं निघाली. ती झोपायची गाडी. दोघांना एक लहान डबा, त्यात एकावर एक असे दोन बिछाने. सुभेदार दाराबाहेर बोळात पेटीवर बसलेले. सकाळी चहा द्यायला त्यांनी दार ढकललं. दोघं झोपेत होती. साहेब हट्टानं वरच्या बिछान्यावर चढला होता, मेम खाली. साहेबाचा हात वरून खाली लोंबत होता आणि मेमनं झोपेतच त्याची दोन बोटं धरली होती.

"मी च्या तसाच परत न्हेला," सुभेदार म्हणाले. "मग दुपारी डोंगरावर गेली. गवतावर चादर आंथरली आन् बसली, शेजारी शेजारी. जांभळी फुलं हुती डोंगरभर. काय बोलली न्हाईत. नुसती बघत बसली." मग म्हणाले, "मी लांब हुतो. घोडं धरून."

एवढंच. त्यानंतर ते आत गेले आणि विटेला पाठ लावून बसले.

मला वाटतं, डोंगरावरच्या त्या दुपारपासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. लग्न झालं तेव्हा काकी परकरातली पोर. मग हे पलटणीत. रजेवर यायचे, जायचे. मूल झालं ते जगलं नाही. पेन्शन घेऊन कायमचे घरी आले तेव्हा घरात एक चांगली, शहाणी, अनोळखी बाई होती. ती वेळेवर भाकरी करायची आणि हे जेवून उठल्यावर भिंतीआड बसून जेवायची. ह्या बाईला एकदा शेजारी बसवायची, एवढं त्यांना हवं होतं. दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

म्हणून मग ते काकींना 'तुमी' म्हणायचे. काकी मेल्याहून मेल्यासारख्या व्हायच्या. "आवं, मला तुमी म्हनू नगा. बाया इचारत्यात, तुमी दुसऱ्या कुनासंगं बोलताय का म्हनून."

"मेमसाहेबाला साहेब असंच बोलायचा."

"मग मेमसाहेब करून आनायची हुती एक!"

संध्याकाळी दोघं कृष्णेच्या घाटावर जायला निघत. म्हणजे सुभेदार पुढं आणि काकी चार पावलं मागं. एकदा गल्लीच्या मधोमध सुभेदार थांबले. काकीही थांबल्या.

"शेजारनं चला."

"चालतीया की."

सुभेदार दोन पावलं मागं सरकले. काकी दोन पावलं मागं सरकल्या. ते आणखी मागं आले, त्याही गेल्या. माना वाकड्या करून गल्ली बघायला लागली. बाबालाल भाता सोडून बाहेर आला. "सुभेदार, ही कसली कवायत? त्येंनाच 'पीछे मूड' म्हना, म्हंजी काकी म्होरं हुतील!"

सुभेदार इतके चिडले होते की त्यांनी खरंच हुकूम सोडला. काकींनी पदर तोंडावर ओढला, वळल्या आणि तरातरा घराकडं निघाल्या. मागून सुभेदार. घरी पोचेपर्यंत काकी पुढंच होत्या. पण ह्याला काही शेजारी म्हणता येणार नाही.

दुसरं महायुद्ध चालू होतं तोवर गाड्या सगळ्या शिपायांनी भरलेल्या. लढाई संपली, मी पास झालो, आणि त्या पावसाळ्यात सुभेदारांनी जेवता जेवता जाहीर केलं की काकींचा वाढदिवस करायचा.

"माझा?" काकी भिंतीआडून म्हणाल्या. "मी काय पाळन्यातली हाय?"

"मेमसाहेब काय पाळन्यातली हुती? कवा जलमलात तुमी?"

"कुनाला ठावं! आई म्हनायची, गौरी गेल्या आन् मी आले."

"ठरलं तर. गौरी गेल्या की दुसऱ्या रोजी."

गोऱ्यांचं स्कॉटलंड हाताशी नव्हतं, पण सुभेदारांनी आपलं शोधून ठेवलं होतं. साताऱ्याच्या वर यवतेश्वराचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर भादव्यात धुकं असतं आणि गवतात जांभळी फुलं येतात. सांगलीच्या माणसाला साताऱ्याला जायला मिरजेहून रात्रीची गाडी होती. दुसऱ्या वर्गात दोघांपुरता एक लहान डबा असायचा, एकावर एक बिछाने असलेला. तो मिळावा म्हणून सुभेदार मेडलं लावून स्टेशनमास्तरकडं गेले, एकदा नाही, अनेकदा. शेवटी मिळाला. त्याच सुमाराला मला साताऱ्याच्या एका शाळेत मुलाखतीला बोलावलं होतं. त्याच गाडीनं जायचं मी म्हणालो, तर सुभेदारांनी बजावलं, "तू आपला तिसऱ्या वर्गात. आमच्या डब्याकडं फिरकायचं न्हाई."

"मी कशाला फिरकतोय?"

"सांगून ठिवलं."

मिरजेच्या स्टेशनात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गौरी-गणपतीला आलेल्या माहेरवाशिणी परत निघालेल्या. सुभेदार हमालाच्या डोक्यावर वळकटी देऊन, लोकरी कोट घालून, दुसऱ्या वर्गाचा डबा शोधत ताडताड पुढं गेले. एवढी वर्षं जे बाईला शेजारी चल म्हणत होते, त्यांनी त्या दिवशी मागं वळूनही पाहिलं नाही. बघायचं कशाला? काकी चार पावलं मागं असणारच, असतातच.

काकी चार पावलं मागं होत्याही. पण वाटेत बायकांचा डबा लागला. खिडकीतून कुणीतरी हाक मारली, "या मावशी, जागा हाय, चढा लौकर!" आणि काकी चढल्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आयुष्यात त्या जेवढ्या वेळा गाडीत बसल्या तेवढ्या वेळा बायकांच्या डब्यातच बसल्या होत्या. नवरा-बायकोनं एका डब्यात बसायची गाडी असते, हे त्यांना सुभेदारांनी सांगितलं असेल. पण स्कॉटलंडातलं सगळंच ते सांगायचे.

भिलवडीला गाडी थांबली तेव्हा खिडकीबाहेर सुभेदार दिसले. कोट उघडा, टोपी नाही.

"ग्रॅज्वेट, काकी तुझ्यासंगं हाय का?"

तोफगोळा खाल्लेला तो माणूस घाबरलेला मी त्या वेळी पहिल्यांदा पाहिला. मी उतरलो आणि आम्ही दोघं डबे बघत मागं पळालो. बायकांच्या डब्यापाशी आल्यावर शोधायची गरज राहिली नाही. आतून काकींचा आवाज येत होता. त्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं पोर होतं, आणि त्या सांगत होत्या, "आन् कन्या खात्यात त्या उभ्यानं! घोड्यावानी!" सगळा डबा हसत होता. काकीही हसत होत्या, डोळे पुसत. दोन वर्षं मी त्या घरात राहिलो. काकींना असं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं. सुभेदारांनी किती वर्षांत ऐकलं होतं, कोण जाणे.

त्यांनी हाक मारायला हात वर केला होता. तो हळूच खाली घेतला.

काकींचं लक्ष गेलं. पदर सावरत म्हणाल्या, "आवं, मी हाय हितं. बरी हाय. तुमी जावा, वारं सुटलंय, पाठ सांभाळा."

"तिकडं आंथरून घातलंय तुमचं."

"आता ह्या बाया सोडत्यात व्हय मला? आन् ह्ये पोर झोपलंय मांडीवर. तुमी झोपा जावा."

एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्येच का गं ते?" आणि पुन्हा हशा झाला. शिट्टी वाजली.

"चल," सुभेदार मला म्हणाले. "जागा वाया जाती."

त्या डब्यात खालच्या गादीवर त्यांनी पलटणीच्या शिस्तीत चादर घातली होती, चारी कोपरे दुमडून. वर नवं कांबळं. उशीवर बिस्किटांचा रंगीत डबा. तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला आणि "झोप" म्हणाले. ते बूट न काढता वर चढले. मी मेमसाहेबाच्या जागी अंग चोरून पडलो. प्रत्येक स्टेशनात ते उतरत. बूट वाजत मागच्या डब्याकडं जात, तिथं थांबत, आणि गाडी सुटता सुटता परत येत. ताकारीला, कराडला, रहिमतपूरला. काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

गाडी लेट झाली. कोरेगाव मागं पडलं तेव्हा बाहेर उजाडत होतं. मी डोळे उघडले. सुभेदार गाढ झोपले होते आणि त्यांचा हात वरून खाली आला होता. बोटं उघडी, गाडीच्या हिसक्याबरोबर हलणारी. मी त्या हाताकडं बघत पडून राहिलो. तो माझ्यासाठी सोडलेला नव्हता.

सातारा रोडला काकी टवटवीत उतरल्या. "लय ब्येस झोप लागली. आवं, तुमचं डोळं का लाल?"

सुभेदारांनी बिस्किटांचा डबा पुढं केला. "तुमचा वाढदिवस."

"ह्ये सगळं मला?" काकींनी डबा उघडला, वास घेतला, आणि गाडी हलायच्या आत खिडकीपाशी जाऊन त्या माहेरवाशिणींच्या पोरांना मूठमूठ वाटून टाकला. शेवटचं एक उरलं ते सुभेदारांना दिलं. त्यांनी ते खाल्लं, उभ्यानंच.

तिथून मी मुलाखतीला गेलो, ती दोघं बैलगाडी करून डोंगरावर. मला नोकरी लागली. सामान न्यायला सांगलीला परत आलो तेव्हा मी सुभेदारांना विचारलं, "कसं झालं स्कॉटलंड?"

"बसलो. बघितलं. आलो." मग म्हणाले, "मागं बसली रं. शेजारी बसवली तर उठून मागं जाऊन बसली. तिथं बघायला कोन हुतं?"

मी निघताना काकींनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. मी त्यांनाही विचारलं.

"तिथं काय, वारा! अंग उडवनारा. आन् त्येंच्या पाठीत त्यो लोखंडाचा तुकडा. चूल न्हाई, वीट न्हाई. मग मी मागं बसले, पदर पसरून. कुनीतरी वारा अडवाया नगो?"

"मग तुम्हाला दिसलं काय?"

"त्येंची पाठ दिसली." त्या हसल्या. "डोंगर काय, आमच्या म्हायेरी बी हुतं."

"त्यांना सांगितलंत का, मागं का बसलात ते?"

"त्यात सांगायचं काय?" काकींनी दशम्यांची गाठ मारली.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला काकी तापानं गेल्या. मला कळायला उशीर झाला. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या साताऱ्याच्या खोलीच्या दारात सुभेदार उभे. लोकरी कोट, मेडलं नाहीत.

"दोघांचा डबा मिळाला का?" मी विचारून बसलो.

"न्हाई. तिसऱ्या वर्गानं आलो." जोडे काढत म्हणाले, "बायकांच्या डब्याला लागून हुतो. आवाज येतो तिथं."

आम्ही यवतेश्वर चढलो. माथ्यावर धुकं होतं आणि पाऊस पडत नव्हता, लटकत होता. ते त्यांच्याही लक्षात आलं असेल, बोलले नाहीत. गवतात जांभळी फुलं होती. खाली साताऱ्याची घरं आणि समोर अजिंक्यतारा अधूनमधून उघडा पडत होता. एका खडकाशी थांबून ते म्हणाले, "हितं बसलो हुतो. आन् ती तितं, मागं. आकरीपतोर मागंच."

तेव्हा मी त्यांना काकींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वारा, वीट, पदर. "त्येंची पाठ दिसली," हेही सांगितलं.

सुभेदार खडकाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वारा कुठनं हुता तवा?"

"भादव्यात इथं कोयनेकडनंच असतो. आता आहे तसाच."

त्यांनी पश्चिमेला तोंड करून वारा अंगावर घेऊन बघितला. मग आपली जुनी जागा सोडून चार पावलं मागं आले, काकी बसल्या होत्या तिथं ओल्या गवतावर मांडी घालून बसले, आणि कोटाची बटणं सोडून त्याच्या दोन्ही बाजू हातांनी पसरून धरल्या. पुढं खडकापाशी मोकळी जागा होती. वारा त्यांच्या पाठीवर येऊन आदळत होता आणि पुढचं गवत कमी हलत होतं.

मी बराच वेळ थांबलो. त्यांचे दात वाजायला लागले होते.

"उठायचं का, सुभेदार? पाठ धरील."

"थांब, गड्या," ते म्हणाले. "तुझ्या काकीचं बघून हूं दे."